अप्पांनी सांगितलेला अर्थ

लासुर्ण्यात कुणाचं माणूस गेलं की सावडणं उरकल्यावर त्या घरचं कुणीतरी दत्तोबा अप्पांच्या दारात यायचं. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. अप्पाही काही विचारायचे नाहीत. खुंटीवरची टोपी डोक्यावर घालायचे, भैरवनाथाच्या देवळात जायचे आणि कोनाड्यातली तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी काखेत मारून निघायचे. ही दिवसांची पोथी. मयताच्या घरी सुतकात वाचायची, एरवी तिचं फडकंसुद्धा सोडायचं नाही, आणि घरात तर ठेवायचीच नाही, असा आमच्याकडचा रिवाज. माणूस मेल्यावर कुठं जातं, वाटेत त्याला काय काय सोसावं लागतं, कुणी दिलेलं पाणी त्याला पोचतं आणि कुणी दिलेलं पोचत नाही, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. असली पोथी कोण हौसेनं उघडून बघणार? त्यामुळं तिच्यात काय आहे हे अप्पा सांगतील तेवढंच गावाला ठाऊक.

वाचायला दोघं लागतात. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. ओवी जुन्या मराठीतली, चालीवर म्हटलेली. ऐकणाऱ्याला त्यातलं ‘देव’ आणि ‘पाप’ एवढंच कळतं. मग वाचणारा थांबतो आणि सांगणारा आपल्या बोलीत सांगतो. बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात ते त्या सांगण्याला, वाचण्याला कुणी लावत नाही. अप्पा सांगणारे. सगळी नोकरी साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर गेलेली, त्या घरघरीत ओरडून ओरडून आवाज असा झालेला की बायकोला मीठ मागितलं तरी शेजारची सून वाटी घेऊन यायची. पण पोथीच्या पाटावर बसले की हाच माणूस असा हळू बोलायचा की लोक पुढं सरकून बसत.

अप्पांच्या आधी सांगायला तात्या होते. माणूस कडक. लिहिलंय ते सांगायचे, वर मायेचं बोट नाही. अप्पा तेव्हा तरणे होते आणि तात्यांच्या शेजारी बसून वाचायचे. एकदा एका घरी नुसत्या लेकीच होत्या. बाप गेलेला. नवव्या दिवशीचा अध्याय आला आणि तात्यांनी सांगून टाकलं की ज्याला मुलगा नाही त्याची वाट बंद, लेकीनं दिलेलं पाणी वाटेतच आटतं, मेलेला माणूस तहानलेला फिरत राहतो. लिहिलेलं होतंच तसं, अप्पांनीच तर वाचलं होतं. त्यातली धाकटी लेक, असेल आठ-नऊ वर्षांची, ती उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली. बाप तहानलेला फिरतोय म्हणून. तिला आत आणता आणता तिच्या चुलत्याला घाम फुटला. तात्या मात्र पुढचा अर्थ सांगत होते.

तात्या गेल्यावर सांगण्याचा पाट अप्पांकडं आला. आणि पहिल्यांदा तोच अध्याय आला तेव्हा अप्पा बोलून गेले, “पोटच्या लेकराच्या हातचं पाणी पोचतं. ल्योक असू द्या, लेक असू द्या. देव पाणी बघतो, हात बघत न्हाय.” ठरवून नव्हते बोलले. तोंडातून निघालं. घरातली म्हातारी हमसून हमसून रडली आणि नंतर अप्पांच्या पाया पडली. झालं. त्यानंतर अप्पांनी तो अध्याय कधीच दुसऱ्या तऱ्हेनं सांगितला नाही. एकेक करून बाकीचेही खडे वेचून काढले. नवरा मेला तो बाईच्या पापानं, हे गेलं. अपघातात गेलेल्याला जागा नाही, हेही गेलं. अप्पांच्या तोंडून पोथी अशी निघायची की ऐकणाऱ्याला जेवण जावं.

तात्यांचं ऐकलेल्यांना वाटायचं, माणूसच कडक, मनाचं घालत असतील; खरं काय ते एकट्या इंद्रजितला ठाऊक होतं. इंद्रजित म्हणजे अप्पांचा आत्ताचा वाचणारा, चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पोरगा, आवाज सुरेल. ओवी त्याच्या डोळ्यांसमोर, मग त्याला कळणार नाही तर कुणाला? सुरुवातीला तो एकदा दबकत म्हणाला होता, “अप्पा, हितं तर उलटं लिव्हलंय.”

“तू वाच की. सांगायचं काम माझं हाय,” अप्पा म्हणाले.

“पण बदलल्यावानी हुतंय.”

“लिव्हणाऱ्यानं त्याच्या काळचं लिव्हलं. त्या काळी लेकीला सासरी पाठवली की ती पुन्हा दिसायची न्हाय. कोण पाणी द्यायला येणार हुतं? आता फोन केला की तासाभरात मोटरसायकलवर हजर. मग त्यो आज असता तर त्यानं काय लिव्हलं असतं?”

इंद्रजितला हे पटलं. खरं सांगायचं तर अप्पांनाही ते बोलताबोलताच पटलं. मग दोघांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं, म्हणजे ठरवलं असंही नाही, नुसतं पुन्हा कुणी विषय काढला नाही. आसपासच्या गावांत मुलगा नसलेल्या घरी लेकी पुढं येऊन मडकं धरायला लागल्या, अग्नी द्यायला लागल्या. भावकीनं डोळे वटारले की बायका म्हणायच्या, पोथीतच लिहिलंय, अप्पांना विचारा.

आणि सगळ्यात जास्त हे कुणाला पटलं असेल तर अप्पांच्या बायकोला, छबूबाईला. तिला अक्षरओळख नव्हती. एकुलती लेक, सुप्रिया. मुलगा नाही म्हणून छबूबाईनं सासूची बोलणी निम्मं आयुष्य ऐकलेली. अप्पांनी सांगितलेलं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिनं घरी आल्यावर त्यांना दोनदा विचारून घेतलं. अप्पांनी दोनदा व्हय म्हटलं. मग ती थट्टा करायची, “लई गोड लिव्हलंय बाई पोथीत. लिव्हणारा बायकोच्या धाकातला असंल, तुमच्यावानी.” अप्पा नुसते हसायचे. पुढं ती सुप्रियाला कितीदा तरी म्हणाली असेल, “माझं पाणी तुझ्या हातचं. पोथीत हाय तसं.”

सुप्रिया सांगवीला दिलेली. ती आणि तिचा नवरा दिग्विजय मिळून भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका चालवतात. आईचं दुखणं लांबलं तेव्हा तिनं तिला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं, रोज डबा घेऊन गेली, आणि शेवटी ती तिथंच गेल्यावर अॅम्ब्युलन्समध्ये आईचं डोकं मांडीवर घेऊन लासुर्ण्याला तीच आली. गळिताचे दिवस होते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यातून अॅम्ब्युलन्स बैलगाडीच्या चालीनं येत होती. अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. समोरच्या ट्रॉलीतून उसाचं एक कांडं खाली लोंबत होतं, ते आत्ता पडतंय का मग पडतंय, एवढंच अप्पा बघत होते. बायको गेलीय हे त्यांना कळत होतं. पण आत काही हलत नव्हतं. इतक्या घरी त्यांनी मयताच्या माणसांना रडवलं होतं, आणि स्वतःला एक हुंदका येईना.

अंगणात तिरडी बांधून झाली. सुप्रियानं तोंड धुतलं, पदर खोचला आणि मडकं धरायला पुढं झाली. तेव्हा बापूसाहेब खाकरले. बापूसाहेब म्हणजे अप्पांचे थोरले चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी आधीच आपल्या मुलाला, मानसिंगला, अंघोळ करून ओल्या धोतरानिशी उभं केलं होतं.

“दत्तोबा,” बापूसाहेब म्हणाले, “लोकांच्या घरी तू काय सांगतोस ते मी इतकी वर्सं ऐकतूय. मधी कधी बोललो न्हाय. आज आपल्या घरचं हाय. पोथीत लिव्हलंय काय, तेवढं सांग. अर्थ नको.”

त्यात दमदाटी नव्हती. शपथ घालणं नव्हतं. लेकीचं पोचतं असं अप्पांनी म्हटलं असतं तर बापूसाहेब बाजूला झाले असते, सगळी माणसं तसंच समजून होती. सुप्रियानं तर वरही बघितलं नाही. ती मडक्याला दोरी बांधत होती. बापानं जन्मभर सांगितलेलंच तो आता सांगणार, त्यात बघायचं काय?

अप्पा म्हणाले, “मुलाच्या हातचं लागतं. लेकीच्या हातचं पोचत न्हाय. असं लिव्हलंय.”

गर्दीत इंद्रजितनं मान खाली घातली. सुप्रिया दोरीची गाठ तशीच धरून बापाकडं बघत राहिली, मग तिनं मडकं मानसिंगच्या हातात दिलं. मानसिंग बिचारा भला माणूस. तो म्हणाला, “ताई, तू धर, मी मागनं येतो.” ती म्हणाली, “अप्पा म्हणत्यात न्हाय म्हणून.” एवढंच. अग्नी मानसिंगनं दिला.

पुढचे दिवस कसे गेले ते अप्पांना विचारून उपयोग नाही. भावकीतून जेवण यायचं, ते समोर ठेवलेलं जेवायचे. कुणी चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर तसेच बसायचे. छबूबाई घरात असती तर जिथं तिनं जीव सोडला असता, त्या जागेवर पणती लावलेली होती. पणतीत तेल घालायचं काम सुप्रिया करायची. बापाशी ती बोलायची, पण कामापुरतं. गोळी घेतली का. पाणी तापलंय. बसा. दिग्विजयनं एकदा मध्ये पडून बघितलं, “अप्पांना भावकीपुढं बोलता आलं नसंल,” असं बायकोला म्हणाला. ती म्हणाली, “मला पण तसंच वाटतंय.” तिला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटत होतं. बाप भावकीला भ्याला, हे कसं का होईना गिळता येतं. अप्पा हे शेजारच्या खोलीतून ऐकत होते. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं आणि ते सांगायला उठावं असं काही त्यांना वाटलं नाही. त्यांना काहीच वाटत नव्हतं. पंख्याचं एक पातं करकर वाजायचं, ते ऐकत पडून राहायचे.

पोथी रोज होत होती. इंद्रजित वाचायचा, आणि सांगायला कुणी दुसरा नव्हता म्हणून अप्पाच सांगायचे, आपल्याच बायकोच्या पोथीचा अर्थ. लोकांना त्याचं मोठं नवल. अप्पांना ते पाठ होतं, पाठ असलेलं तोंडातून येत होतं.

नवव्या दिवशी दुपारी भवानीनगरहून विजयमाला आली. तिचे वडील, आबा, कारखान्यात अप्पांच्याच पाळीला असायचे. ते गेले तेव्हा विजयमालानं अग्नी दिला होता, घाटावर पाणी दिलं होतं, आणि त्यापायी तिच्या चुलत्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं ते अजून टाकलेलंच आहे. अप्पांच्या अर्थाच्या जोरावर तिनं ते केलं होतं. ती आली, सुप्रियाच्या गळ्यात पडून रडली आणि बायकांत बसली. तिच्या कानावर काही आलेलं असावं, कारण रडून झाल्यावर ती सारखी अप्पांकडं बघत होती.

तोच अध्याय आला. इंद्रजितनं ती ओवी नेहमीपेक्षा घाईत वाचली आणि थांबला. अप्पांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. माणसं पुढं सरकून बसलेली होती ती तशीच राहिली. जुनं सांगावं तर अंगणात बोललेलं सगळ्यांनी ऐकलेलं. अंगणातलं सांगावं तर समोर विजयमाला. बापूसाहेबांनी घड्याळात बघितलं.

“अप्पा,” विजयमाला म्हणाली, अगदी हळू, “एक इचारू का? आमच्या आबांना माझं पाणी पोचलं का न्हाय?”

“पोचलं,” अप्पा म्हणाले.

“पोथीत तर न्हाय म्हणं.”

“पोथीत न्हाय. पण पोचलं. मला खात्री हाय.”

सुप्रिया दाराशी उभी होती. तिच्या हातात चहाच्या कपांचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “मग आईला माझं का न्हाय पोचणार?”

बापूसाहेब म्हणाले, “पोरी, ही येळ न्हाय.” तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

भावकीपुढं बोलता आलं नाही, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. ती तेच ऐकायला उभी होती. पण अप्पांकडं आता बनवून सांगायची ताकदच उरली नव्हती. ते पोथीकडं बघत म्हणाले, “बापूसाहेबाला भिऊन न्हाय बोललो मी. मलाच भ्या वाटलं. दुसऱ्यांच्या घरी सांगताना वाटायचं न्हाय. लिव्हणारा चुकला, माझं बरोबर, असं पक्कं असायचं मनात. आन् हिला तिरडीवर बघितली, आन् वाटलं, माझंच चुकत असंल तर? लिव्हलेलंच खरं असंल तर? ही तहानलेली फिरंल. तुझ्या आईवर न्हाय ग धजलो मी.”

हे ते एखाद्या दुसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसं सांगत होते. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. इंद्रजितनं पोथीवर फडकं ओढलं, मग पुन्हा काढलं. काय करावं हे त्याला कळेना.

विजयमाला उठली, चप्पल शोधायला लागली. दारात थांबून म्हणाली, “म्हंजी आमच्या आबांवर करून बघितलं तुमी.” तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं समजून घेतल्यासारखं बोलली आणि गेली. चहा तिनं घेतला नाही.

एकेक करून माणसं उठली. बापूसाहेब मानसिंगला सांगून गेले की सकाळी लवकर घाटावर निघायचं, दहाव्याचं पाणी तुझ्याच हातचं, अंघोळ करून ये. इंद्रजितनं उरलेल्या ओव्या अर्थाशिवाय वाचून टाकल्या. ऐकायला घरचेच होते. पोथी काखेत घेऊन तोही गेला.

सुप्रिया गार झालेले कप गोळा करत होती. अप्पा पाटावरच बसून होते.

“सुप्रिया,” ते म्हणाले, “उद्याच्याला पाणी तू दे. मी सांगतो बापूसाहेबाला. तिची इच्छा हुती.”

सुप्रियानं काम थांबवलं नाही. “मी देते. मला काय न्हाय त्याचं. पर तुमचं काय? मी दिल्यावर तुमाला रातीला झोप लागंल का? पेल्यातलं पाणी पिताना तुमाला ती दिसंल. जनमभर तेच घेऊन बसाल.” ती थांबली. “खात्री हाय का तुमाला, सांगा. आबांची हाय तशी. व्हय म्हणा, मी देते. मानसिंगदादा हसत बाजूला हुईल.”

होय म्हणायला एवढंसं लागतं. छबूबाईला त्यांनी ते दोनदा म्हटलं होतं, मागंपुढं न बघता. आता ओठ हलले, आवाज आला नाही.

“राहू द्या मग,” सुप्रिया म्हणाली. “दादालाच देऊ द्या.”

आणि अप्पांच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. छबूबाई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हायसं वाटलं. आता मुलाच्याच हातचं पाणी पडेल, आता काही घोर नाही. त्यांनी लांब श्वास सोडला. सुप्रिया त्यांच्याकडंच बघत होती. तिला तो श्वास ऐकू आला, आणि कशाचा आहे तेही कळलं.

ती कप घेऊन आत गेली आणि मोरीत बसून घासायला लागली.